'एकांताचा वास' आणि नोटीस बोर्डावरचा फ्लॅट नंबर

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

लिहिणाऱ्या ताई 48 वर्षांच्या आहेत, ठाण्यात पोखरण रोडच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत राहतात, एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघतात. घरी मिस्टर, 79 वर्षांच्या सासूबाई आणि बारावीतला मुलगा. मिस्टरांचा वागळे इस्टेटमध्ये पावडर कोटिंगचा छोटा गाळा होता, तो दोन वर्षांपूर्वी बंद करावा लागला. त्यात चार नातेवाइकांचे पैसे अडकले, ते आता थोडे थोडे फेडणं चालू आहे आणि मिस्टर दुसरीकडे नोकरी करतात. ताई रोज पहाटे उपवनला चालायला जातात आणि गेले आठ महिने चालताना एकच गाणं ऐकतात, तुकोबांचं 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं'. परत परत तेच. ते ऐकून त्यांच्या मनाने घेतलंय की मुलाची परीक्षा झाली की सगळं सोडायचं, पीएफ आणि थोडं सोनं मोडून आटगावच्या आतल्या बाजूला पाच गुंठे जागा घ्यायची आणि एकटीने राहायचं. मिस्टर म्हणाले, "आमचा कंटाळा आलाय तुला, स्पष्ट बोल ना." त्यांचा प्रश्न असा आहे: "तुकाराम महाराजांनी हेच सांगितलंय ना, की माणसांपासून लांब जा? मग मला अपराधी का वाटतं? तुम्ही गाण्याचा अर्थ तेवढा सांगा, बाकीचं मी बघते."

ताई,

अर्थापासूनच सुरू करते, तुम्ही तेवढंच मागितलंय. पण पत्र मी चार वेळा वाचलं आणि त्यातली एक ओळ मला सोडेना, म्हणून ती आधी इथे ठेवते, मग परत तिच्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, मेंटेनन्स थकला तेव्हा थकबाकीदारांच्या यादीत आमचा फ्लॅट नंबर खाली नोटीस बोर्डावर लागला होता, तेव्हापासून मी लिफ्ट वापरत नाही, सातवा मजला आहे पण आता जिन्याची सवय झाली. आणि हे सगळं तुम्ही कंसात लिहिलंय, जाता जाता सांगावं तसं. थकबाकी तुम्ही मागच्या दिवाळीच्या आधीच भरलीत, म्हणजे तो कागद कधीच निघाला असणार, तरी जिना काही सुटलेला नाही.

आता अभंग. लताबाईंचा आवाज आणि श्रीनिवास खळ्यांची चाल, आपण सगळे त्यावरच वाढलोय, आणि ती चाल इतकी निवांत आहे की शब्दांकडे लक्ष जायच्या आधीच जीव शांत होतो. त्यामुळे होतं काय की पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते, ती शाळेच्या भिंतीवर असते, वृक्षारोपणाच्या बॅनरवर असते, आणि बाकीच्या ओळी नुसत्याच कानावरून जातात. म्हणून पहिलं काम सांगते, एक कोरा कागद घ्या आणि सगळा अभंग हाताने लिहून काढा, सहाच कडवी आहेत, दहा मिनिटं लागतील. मीही तुमचं पत्र आल्यावर तेच केलं.

पहिलाच गंमतीचा शब्द म्हणजे सोयरीं. सोयरे म्हणजे कोण हो आपल्याकडे, सोयरीक जुळून जे आपले होतात ते, सोयरेधायरे, ज्यांचे मानपान करावे लागतात ते. ज्याला माणसांचा, नात्यांचा वीट आलाय तो झाडांकडे बघून "बरं झालं, इथे कोणी नातेवाईक नाही" असं म्हणेल, आणि तुकोबा त्या झाडावेलींना आणि वनचरांना सोयरेच म्हणतायत. पक्षी नुसते ओरडत नाहीत, ते 'आळविती', म्हणजे विनवून, लाडीगोडीने गातात. मग पुढे या, 'आकाश मंडप पृथिवी आसन', मंडप घातलाय, बसायला आसन दिलंय. त्याच्या पुढे भोजन आहे, हरिकथेचं भोजन, आणि तेही 'परवडी विस्तार', नाना प्रकारचं वाढलेलं (हा परवडी शब्द आपल्या परवडणाऱ्या घरांमधला नाही, इथे त्याचा अर्थ तऱ्हा, प्रकार). म्हणजे बघा, सोयरे आहेत, मंडप आहे, गाणी चालू आहेत, पंगत बसलीय. लग्नघरच आहे हे! मला तर लिहून काढेपर्यंत हे कधी दिसलंच नव्हतं. संसार टाकून डोंगरावर गेलेला माणूस तिथे जाऊन परत घरच मांडतोय, सोयऱ्यांसकट.

मग त्यांनी नक्की काय मागे सोडलं? ते दुसऱ्या कडव्यात आहे आणि माझ्या मते सगळा अभंग त्या अर्ध्या ओळीवर उभा आहे. 'येणें सुखें रुचे एकांताचा वास । नाहीं गुण दोष अंगा येत'. एकांत का आवडतो, तर इथे गुणदोष अंगाला चिकटत नाहीत. म्हणजे माणसं नकोशी झालेली नाहीत, माणसं जी लेबलं लावतात ती नकोत. आणि ताई, नुसता दोष म्हटलेलं नाही हां, गुणसुद्धा म्हटलंय. तुम्हीच लिहिलंय ना, नणंदेकडच्या मुंजीत कोणीतरी "पैसे बुडवून बसलेत" असं कुजबुजलं ते ऐकून जेवढं लागलं, तेवढंच "वहिनी होती म्हणून घर उभं राहिलं, फार धीराची" हे ऐकूनही अंगावर काटा आला. तुम्हाला ते विचित्र वाटलं, कौतुकाचा राग कसा काय येतो म्हणून. मला नाही विचित्र वाटत. धीराची म्हटलं की मग रडायची सोय राहत नाही, उद्या दमले म्हणायची सोय राहत नाही. दोष जसा चिकटतो तसाच गुणही चिकटतो आणि तो उतरवणं कधीकधी जास्त अवघड असतं कारण तो आपल्याला कोणीतरी प्रेमाने घातलेला असतो.

आता हा माणूस डोंगरावर का गेला तेही बघू, कारण आपण त्यांना जन्मापासून संत समजतो आणि तिथेच फसतो. तुकोबांचा जन्म 1608 चा, गेले 1650 मध्ये, म्हणजे पुरती बेचाळीस वर्षं आयुष्य, आजच्या तुमच्यापेक्षा लहानच. देहूत घरचं वाण्याचं दुकान, महाजनकी, बरं चाललेलं घर. आणि 1630 च्या आसपास दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला त्यात सगळं गेलं. हे मी इतिहासाच्या पुस्तकातलं सांगत नाहीये, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. लोकांनी विचारलं म्हणून, बोलू नये पण सांगतो, अशा सुरात एक अभंग आहे त्यांचा, त्यात सगळी हकिगत आहे: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', आणि लगेच पुढे, 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां'. धंद्यात तूट आली आणि जिवाला लाज वाटली. पैसे गेले हे तर आहेच, पण 'नेला मान' हे त्यांनी वेगळं लिहिलंय. ताई, तुमचा तो सात मजल्यांचा जिना मला या दोन ओळींच्या मध्ये दिसतो.

म्हणून तुमच्या "हेच सांगितलंय ना" याला माझं उत्तर, अर्धं हो आणि अर्धं नाही. लांब जावंसं वाटणं, एकांताचं सुख, हे खरंच आहे अभंगात, तुम्ही काही चुकीचं ऐकलेलं नाही आणि तुम्हाला त्यात स्वतःचं दुःख सापडलं हे तर फारच खरं आहे, मिस्टरांना वाटतंय तसा हा कंटाळा नाही. पण तोच अभंग 'घर विका आणि निघा' असं सांगतोय का, तर मला तसं नाही दिसत, कारण हे लिहिणारा माणूस डोंगरावरून परत आला. देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जायचे, आणि उतरायचेही. त्याच हकिगतीच्या अभंगात पुढे ते सांगतात की देवाचं देऊळ मोडकळीला आलेलं ते नीट करावंसं वाटलं, मग एकादशीला कीर्तन करायला लागलो, सुरुवातीला काही येत नव्हतं, संतांची काही वचनं पाठ केली, आणि मग ही ओळ येते जी मला फार आवडते, 'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद'. पुढे जे गातायत त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरायचं, म्हणजे पालुपद म्हणायचं. लाजेने माणसांतून उठून गेलेला माणूस माणसांत परत येताना तडक मध्यभागी येऊन उभा राहिला नाही. मागच्या रांगेत उभा राहिला, जिथे आपला आवाज वेगळा ओळखूही येत नाही. हे मी तुम्हाला सल्ला म्हणूनही सांगणार आहे, थोडं थांबा.

त्याआधी शेवटची ओळ. 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी'. एवढा मंडप, एवढी पंगत, आणि शेवटी उरतं काय तर स्वतःचा स्वतःशी वाद. मला इथे तुमच्याबद्दल एक शंका आहे, रागावू नका. आठ महिने तुम्ही रोज तास-सव्वा तास चालता आणि त्यातलं प्रत्येक मिनिट कानात गाणं चालू असतं. मग तुमचा तुमच्याशी वाद कधी होतो? गाणं सुंदर आहे पण ते आता तुमच्यासाठी झाकण झालंय का, म्हणजे आत काहीतरी उकळतंय त्याचा आवाज येऊ नये म्हणून? आठवड्यातून दोन दिवस इयरफोन घरी ठेवून जा. पहिले काही दिवस बहुतेक वाईट जातील, उधारीचे आकडे, मुंजीतली कुजबुज, सगळं येईल डोक्यात, ते येऊ दे. तुकोबांनी त्यालाच संवाद म्हटलंय.

आता तुम्ही विचारलेलं नाही पण मला सांगावंच लागेल असं काही, जागेबद्दल. तुमच्या डोळ्यांसमोर आटगावच्या आत जे घर आहे त्यात कोणी विचारणारं नाही, बघणारं नाही. पण ताई, गावात समाज नसतो असं कोणी सांगितलं तुम्हाला? आपल्या टॉवरमध्ये समोरच्या दारातल्याचं आडनाव माहीत नसतं. मी एकदा मावशीच्या गावी पंधरा दिवस राहिले होते, चौथ्या दिवशी दुकानदार मला म्हणाला, "काल रात्री उशिरापर्यंत दिवा चालू होता, बरं नव्हतं का?" त्याने मायेनेच विचारलं, पण एकटी बाई, ठाण्याची, नवरा मुलगा असून इथे का आली, हा प्रश्न तिथे तुम्हाला रोज भेटणार. आणि तिथे जिन्याने जायची सोय नाही, एकच रस्ता असतो. जिथे आपण पळून जायचं म्हणतो तिथे आधीच कोणीतरी राहत असतं, तो त्यांचा समाज असतो, हे आपल्या येऊरला गेलं तरी कळतं. आपल्याला वाटतं जंगल, शांतता, आणि तिथल्या पाड्यांवरच्या वारली घरांसाठी ते गाव आहे, शेजार आहे, भांडणं आहेत, लग्नं आहेत.

आणि पाणी. आटगाव ज्यात येतं त्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तानसा आहे, मुंबईचं पाणी तिथून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. जानेवारीत प्लॉट बघायला नेतात तेव्हा सगळं हिरवंगार दाखवतात, तुम्ही एप्रिल-मेमध्ये जाऊन बघा.

कागदांचंही बोलते कारण हे असे फोन मला इतर वाचकांचेही खूप येतात, ठाण्यात, कळव्यात, खारघरला सगळीकडे ही 'निसर्गाच्या कुशीत पाच गुंठे' वाली पत्रकं वाटतात. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, 1948 च्या कूळकायद्यातच तशी अट आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे एजंट जेव्हा म्हणतो "आता शेतजमीन आहे, पुढे एनए होईल" (एनए म्हणजे बिगरशेती) तेव्हा तिथेच थांबायचं. सातबारा ऑनलाइन बघता येतो, तो स्वतः बघा, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, इतर हक्कात काय लिहिलंय, जायला रस्ता कागदावर आहे का, आणि एनएचे कागद हातात घेऊन एखाद्या वकिलाला दाखवा, एजंटने सुचवलेल्या वकिलाला नाही. आणि काहीही झालं तरी पीएफ मोडू नका. मिस्टरांचा धंदा बसल्यावर घरात बाजूला राहिलेली ती एकच रक्कम आहे, आणि ती तुमच्या नावावर आहे. हा सल्ला मी ठामपणे देतेय, बाकीच्यांवर तुम्ही हवा तेवढा विचार करा.

मग जायचंच नाही का? नाही, मी तसं म्हणत नाही. जा, पण आधी भाड्याने जा. अकरा महिन्यांचा करार नको, नुसते दोन महिने बघा, एक मेचा आणि एक जुलैचा, म्हणजे टँकरचा महिना आणि लाइट जाण्याचा महिना, जमल्यास तिथून कसारा लोकलने ऑफिसला या. त्या दोन महिन्यांत तुम्हाला कळेल की तुम्हाला झाडं हवी होती की फक्त बोर्डापासून लांब जायचं होतं. दोन्ही उत्तरं चालतील. झाडंच हवी असतील तर पुढच्या चार-पाच वर्षांत तुम्ही दोघं मिळून नीट जागा बघू शकाल, आणि दुसरं असेल तर त्याला जागा घेऊन काही होणार नाही.

आता अपराधीपणा. यावर मला मन लावून लिहायचंय. परंपरेने एक गोष्ट सांगतात, तुकोबा भंडाऱ्यावर असायचे तेव्हा त्यांची दुसरी बायको जिजाई रोज भाकरी घेऊन डोंगर चढायची. काटे मोडायचे पायात, तोंडाने विठ्ठलाला शिव्या द्यायची, पण भाकरी पोचायची. आपण लहानपणापासून ही गोष्ट तुकोबांच्या बाजूने ऐकलीय, जिजाई आपली कजाग बायको. पण तो एकांत उभा होता तो तिच्या भाकरीवर ना? तुम्हाला अपराधी वाटतं कारण तुम्ही आयुष्यभर जिजाई आहात, आणि डोंगरावर जावंसं वाटायला लागल्यावर तुमच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्या मागे भाकरी घेऊन चढणारं कोणी नाही. सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, मुलाचा डबा, मिस्टरांचा संध्याकाळचा चहा, हा हिशोब तुमच्या डोक्यात चालू असतो आणि तुम्ही त्यालाच अपराधीपणा म्हणताय. मला तो पाप वगैरे काही वाटत नाही, तो कामाचा हिशोब आहे, आणि कामाचा हिशोब घरात चार माणसांत बसून करता येतो. एखादा पुरुष रोज संध्याकाळी मासुंद्याच्या काठी तलावपाळीला दोन तास कट्ट्यावर जाऊन बसला तर त्याला कोणी "संसार सोडला" म्हणत नाही. बाईने दोन तास मागितले की थेट वानप्रस्थाश्रमाची भाषा सुरू होते, आणि मग तिलाही वाटायला लागतं की मागायचंच असेल तर सगळंच मागावं, दोन तास कोण देणार. तुमचे पाच गुंठे मला असेच वाटतात थोडे.

तर आधी छोटं मागा. महिन्यातून एक शनिवार-रविवार, ठरलेला, कॅलेंडरवर गोल केलेला. कुठे जाता हे घरी माहीत असेल, पण फोन फक्त रात्री एकदा. मुलगा बारावीचा आहे, म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा, आजीला गोळ्या देणं त्याला जमतं, आणि मिस्टरांना वरण-भात जमत नसेल तर जमवतील. पहिल्या महिन्यात घरात गोंधळ होईल, तो निस्तरायला परत जाऊ नका एवढंच.

आणि ते ध्रुपद धरणं. तुम्ही लिहिलंय लग्नाआधी भजनाला जायचात, आता सोसायटीतल्या मंडळात जावंसं वाटत नाही कारण सगळ्या बोर्ड वाचलेल्या बायका. मग त्या मंडळात जाऊच नका. नौपाड्यात बघा, कोपरीला बघा, ऑफिसच्या बाजूला बघा, आपल्याकडे महिला भजनी मंडळं कमी नाहीत. जिथे तुमचा फ्लॅट नंबर कोणाला माहीत नाही अशा ठिकाणी जाऊन मागच्या रांगेत बसा, टाळ मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर टाळ्या वाजवा, पुढची बाई म्हणेल ते मागून म्हणा. मला माहितीय तुम्ही एकांत मागताय आणि मी तुम्हाला पंधरा बायकांत पाठवतेय. पण ज्यात कोणी तुम्हाला चांगलं-वाईट काहीच म्हणत नाही अशी गर्दी आणि एकांत, यात मला फार फरक वाटत नाही.

उधारीचं. तुकोबांबद्दल असंही सांगतात की त्यांनी घरातल्या कर्जखतांचे दोन वाटे केले, भावाचा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केलाय, मलाही तसं सगळं बुडवून मोकळं व्हायचंय म्हणून. पण ताई, ते कागद लोकांकडून येणं असलेल्या पैशांचे होते. ज्याचं येणं आहे तोच ते सोडू शकतो, आपण देणं लागतो तिथे नदी नाही, तिथे वही लागते. आणि अकाउंट्समध्ये तुमचा हात कोण धरणार! चौघांच्या नावाने चार पानं करा, घेतलेले किती, दिलेले किती, उरलेले किती, दर महिन्याला किती देणार आणि शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात. मग त्या चौघांतलं जे माणूस समोर आलं की तुमच्या पोटात गोळा येतो त्याच्याकडे पहिल्यांदा जा, मिस्टरांना सोबत घेऊन, आणि ते पान द्या. माफी मागत बसू नका, हकिगत सांगत बसू नका, "एवढे उरलेत, अमुक महिन्यापर्यंत फिटतील" एवढंच. कदाचित ते तोडून बोलतील. बोलू देत. ज्याला उरलेला आकडा आणि तारीख माहीत आहे तो मुंजीत कुजबुजत नाही, कुजबुजतात ते ज्यांना काही माहीत नाही ते.

मिस्टरांविषयी एकच. ते "आमचा कंटाळा आलाय" म्हणाले ते मला रागाचं कमी आणि घाबरल्याचं जास्त वाटलं. धंदा त्यांचा बसला, मान त्यांचाही गेला, आणि तुमच्या पूर्ण पत्रात गाळा बंद केला त्या दिवशी त्यांचं काय झालं याबद्दल एक ओळ नाही. तुमच्या घरात हे बोलणं झालंय का? नसेल तर तो कागद, ज्यावर अभंग लिहून काढाल, तो त्यांनाही वाचायला द्या, आणि 'वेवसाय देखें तुटी येतां' ही ओळ त्याच्याखाली लिहा. बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारते, आणि असंच काही वाटत असलेल्या इतर वाचकांनाही विचारते. लांब जावंसं वाटणं वेगळं आणि नसावंसंच वाटणं वेगळं. पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नसेल, जेवण उतरत नसेल, किंवा 'मी नसले तर सगळ्यांचं सोपं होईल' असं मनात येत असेल, तर अभंगाचा अर्थ लावत बसू नका, 14416 ला फोन करा, ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्या ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे आणि "ठाण्याला पाठवू का" हा टोमणा आपण इतक्यांदा ऐकलाय की ठाण्याचीच माणसं तिथल्या ओपीडीची पायरी चढायला लाजतात. नका लाजू. तुमच्या पत्रात मला तसं काही उघड दिसलं नाही, पण कंसात लिहिलेलं कधीकधी सगळ्यात मोठं असतं म्हणून विचारलं.

आणि तो पहिला शनिवार-रविवार कुठे घालवायचा याचा विचार करत असाल तर देहूला जा. ठाण्याहून लोणावळ्याला उतरायचं, तिथून पुण्याकडच्या लोकलने देहूरोड स्टेशन, पुढे रिक्षा मिळते. आधी गावात इंद्रायणीकाठी बसा, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर भंडाऱ्यावर. आता वरपर्यंत गाडीरस्ता आहे, तरी गुडघे चालत असतील तर चालत चढा, सात मजल्यांची सवय आहेच तुम्हाला. वर वारा खूप असतो, 'जाणवितो वारा अवसरु' म्हणतात ना, वेळ किती झाली ते वाराच सांगतो, म्हणून घड्याळ बघू नका. डबा घेऊन जायचा असेल तर तो त्या दिवशी मिस्टरांना करायला सांगा. काय दिला ते मला कळवा.